घडी

सप्टेंबर २०१७ मधल्या त्या रविवारी सकाळी आजी मतदानाला निघाल्या, तेव्हा त्यांनी इस्त्री केलेला निळा ब्लाउज आणि एरवी कपाटातच असणारे चामड्याचे बूट घातले होते. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या त्यांच्या घरातली एक खोली मी काही महिन्यांसाठी भाड्याने घेतली होती. बोलताना मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे आडनावानेच हाक मारत असे, पण मनातल्या मनात पहिल्याच आठवड्यात त्यांची आजी झाली होती. मतदान केंद्र जवळच्या प्राथमिक शाळेत होते. मतदानाच्या खोलीत कोणीही थांबू शकते, फक्त कामात व्यत्यय आणायचा नाही, असा तिथला नियम आहे. तो त्यांनी मला दारातच समजावून सांगितला आणि भिंतीलगतच्या एका बुटक्या खुर्चीवर मला बसवले. खोलीला खडूचा आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास येत होता. पलीकडे टेबलांवर तीन बाजूंनी पुठ्ठ्याचे आडोसे उभे केलेले होते; प्रत्येकाच्या आत एक खुर्ची आणि दोरीने बांधलेले पेन. आजी मतपत्रिका घेऊन त्यातल्या एका आडोशामागे जाऊन बसल्या. मला टेबलाखाली फक्त त्यांचे बूट दिसत होते. दोन मिनिटे झाली, पाच झाली. शेजारच्या आडोशामागे तीन-चार माणसे येऊन गेली, एक तरुण आई कडेवरच्या मुलासकट मत देऊन बाहेर पडली, आणि आजींचे बूट मात्र एकमेकांना चिकटून तसेच स्थिर होते. दहा-बारा मिनिटांनी त्या उठल्या, घडी घातलेला कागद पेटीत टाकला आणि माझी वाट न पाहता बाहेर पडल्या. रस्त्यावर त्यांना गाठून मी विचारले, चष्मा घरी राहिला होता का. "नाही," त्या म्हणाल्या, "खुणा तर लगेच केल्या. मग थोडा वेळ नुसती बसले होते."

नुसत्या कशासाठी बसल्या असतील, हा प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस सोडेना.

त्याचे उत्तर मला एका बैठकीत मिळाले नाही. ते स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना, कपबशा पुसताना तुकड्यातुकड्याने हाती आले, आणि त्यातले काही तुकडे मी स्वतःच नंतर जुळवले आहेत. आजींचा जन्म १९३९ चा. त्या दहा वर्षांच्या असताना, ७ ऑक्टोबर १९४९ रोजी, त्यांच्या पायाखालच्या जमिनीचे नाव जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे पूर्व जर्मनी, असे झाले, आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते नाव पुसले गेले. या एक्केचाळीस वर्षांत, चार दिवस कमी, तिथे निवडणुका नियमाने होत होत्या. लोक त्या मतदानाला काय म्हणत, हे आजींनी सांगितले तेव्हा माझ्या हातातले सोलाणे हातातच राहिले. लोक म्हणत, "घडी घालून येतो." मतपत्रिकेवर खूण करण्यासाठी चौकटच नसे. लोकसंसदेत सत्ताधारी समाजवादी एकता पक्षाखेरीज आणखी चार पक्ष होते, कामगार आणि महिला संघटना होत्या, पण सगळ्यांचे उमेदवार राष्ट्रीय आघाडीच्या एकाच यादीत असत आणि कोणाच्या वाट्याला किती जागा हे मतदानाआधीच ठरलेले असे. यादी मान्य असेल तर कागदाची घडी घालून तो पेटीत टाकायचा. मान्य नसेल तर एकेका नावावर रेघ मारायची. त्यासाठी आडोसा होता, कायद्याने होता. फक्त तो खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात होता. कागद मिळण्याच्या टेबलापासून पेटी चार पावलांवर, आणि आडोशापर्यंत जायचे तर सगळ्यांच्या देखत सगळी खोली ओलांडायची. आजींनी मला स्वयंपाकघरातच ते अंतर दाखवले. ओट्यापासून टेबलापर्यंत त्या चार पावले चालल्या, मग वळून दारापर्यंत, दारातून लांबट बोळातून थेट माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "इतके लांब. आणि टेबलामागे बसलेली तिन्ही माणसे आपल्याच गल्लीतली."

कोणी त्या कोपऱ्याकडे गेले की त्याची नोंद होई. पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींना फुले मिळत. दुपारपर्यंत जो आला नाही त्याच्या दारावर थाप पडे, आणि जो उठू शकत नसे त्याच्या घरी पेटीच नेली जाई. १९८६ च्या संसदीय निवडणुकीत यादीच्या बाजूने ९९.९४ टक्के मते पडल्याचे जाहीर झाले. आजींच्या बोटांत अजूनही तो काळ आहे, असे मला वाटत असे. पावाची कागदी पिशवी रिकामी झाली की त्या तिची घडी घालत आणि घडीच्या रेघेवरून अंगठ्याचे नख असे दाबून फिरवत की कागद जणू मुळातच तसा जन्मला असावा. खणात अशा पिशव्यांची चळत होती. मतपत्रिकेची घडीही त्या अशीच घालत असतील, हे मला न सांगताच कळले.

मराठीत घडी कागदाची असते, कापडाची असते, संसाराची आणि राज्याची असते, आणि घडी म्हणजे वेळही. राज्याची घडी बसते आणि विस्कटते, असे आपण सहज म्हणतो. या एका प्रजासत्ताकाच्या बाबतीत मला तो शब्द अगदी शब्दशः घ्यावासा वाटतो. तिथे राज्याची घडी आणि कागदाची घडी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

तरीही त्या राज्याच्या आरंभाविषयी मला तुच्छतेने लिहिता येत नाही. ज्यांनी ते उभारले त्यांतली बरीच माणसे नाझींच्या तुरुंगांतून, छळछावण्यांतून किंवा परदेशातल्या अज्ञातवासातून परतलेली होती. पुढे अठरा वर्षे त्या देशावर सत्ता गाजवणारा एरिख होनेकर हा खाणकामगाराचा मुलगा. छपरे शाकारण्याचे काम शिकलेला. १९३५ मध्ये नाझींनी त्याला पकडले आणि तो सुटला तो १९४५ मध्ये. स्वतःच्या मतासाठी जो दहा वर्षे कोठडीत बसला, त्याच्या राज्यात मत मांडण्यासाठी चार पावलांहून जास्त चालणे ही भीतीची गोष्ट व्हावी, हे कोडे मला सुटलेले नाही. १९४५ मध्ये शंभर हेक्टरांवरच्या जमिनदाऱ्या मोडून त्या जमिनी भूमिहीनांना आणि निर्वासितांना वाटल्या गेल्या. नाझी पक्षात असलेल्या शिक्षकांना शाळांतून काढले आणि त्यांच्या जागी काही महिन्यांच्या शिक्षणावर तरुण कामगार, शेतकऱ्यांची मुले उभी केली गेली. आजींच्या वर्गशिक्षिका अशाच होत्या, विशीतल्या. त्या उद्याचा धडा आदल्या रात्री शिकत आणि सकाळी मुलांना तसे सांगूनही टाकत, आणि मुलांना त्याचे फार अप्रूप वाटे, कारण मला माहीत नाही असे म्हणणारे मोठे माणूस त्यांनी तोवर पाहिलेच नव्हते. आजींच्या आई दिवसभर ढिगाऱ्यातल्या विटा निवडून त्यांवरचा चुना हातोडीने काढत, आणि संध्याकाळी सभेला जात. नव्या राष्ट्रगीताची पहिलीच ओळ भग्नावशेषांतून उठून उभे राहण्याची होती. आईला ती ओळ स्वतःवरच लिहिलेली वाटायची, असे आजी म्हणाल्या. पश्चिमेकडे अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा येत होता, आणि इथे सोविएत नुकसानभरपाईपोटी कारखान्यांतली यंत्रेच काय, रेल्वेमार्गांचा दुसरा रूळसुद्धा उपटून नेला जात होता. त्या उजाडीतून त्या लोकांनी शाळा, दवाखाने आणि पोलादाचे कारखाने उभे केले, हे खरे आहे आणि ते मी विसरू इच्छित नाही.

पण घडी पहिल्यापासूनच चुकीच्या रेघेवर पडली होती. युद्धानंतर सोविएत ताब्यात असलेल्या विभागात कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट या दोन कामगारपक्षांचे एकत्रीकरण एप्रिल १९४६ मध्ये झाले, आणि एकमेकांत गुंतलेले दोन हात ही नव्या पक्षाची खूण ठरली. त्याच्या तीन आठवडे आधी बर्लिनमधल्या सोशल डेमोक्रॅट सदस्यांनी या प्रश्नावर आपसांत मतदान ठेवले होते. शहराच्या पश्चिमेकडच्या विभागांत ८२ टक्क्यांनी तातडीच्या विलीनीकरणाला नकार दिला. सोविएत विभागात मतदान थांबवले गेले. म्हणजे पक्ष जन्मला तो एक मोजणी अर्धवट सोडून. पुढच्या चाळीस वर्षांकडे पाहिले की मला वारंवार हीच गोष्ट दिसते. सतरा जून १९५३ ला कामाचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवल्याच्या रागातून बर्लिनमधल्या बांधकाम मजुरांचा संप देशभर पसरला, लाइपझिगमध्येही लोक रस्त्यावर आले, आणि कामगारांच्या राज्याने कामगारांसमोर सोविएत रणगाडे उभे केले. मग लोकांनी पायांनी मत द्यायला सुरुवात केली. १९४९ पासून १९६१ पर्यंत सुमारे सत्तावीस लाख माणसे देश सोडून गेली. ते मत घडी घालून पेटीत टाकता येण्यासारखे नव्हते, म्हणून १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे त्याच्या वाटेवर तार पडली आणि नंतर भिंत उभी राहिली. त्या भिंतीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे; बर्लिनमध्ये तिच्यापाशी किमान १४० माणसे मेली, एवढे इथे पुरे.

एक छोटी गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या राष्ट्रगीतात एकसंध जर्मन मातृभूमीचा उल्लेख होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पक्षाचे धोरण बदलले, दोन जर्मन राष्ट्रे वेगळी आहेत असे ठरले, आणि तेव्हापासून राष्ट्रगीताची फक्त धून वाजू लागली. शब्द रद्द झाले नव्हते, ते फक्त कोणी म्हणायचे नव्हते. आजींच्या आई तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. रेडिओवर धून लागली की त्यांचे ओठ आपोआप हलत आणि मग ओशाळून थांबत. ज्या ओळीवर तिने आयुष्य लावले होते ती ओळ तिच्या तोंडून काढून घेतली, असे आजी म्हणाल्या, आणि मला वाटते की त्या राज्याविषयी त्यांच्या मनात राग असेल तर तो भिंतीपेक्षाही या एका गोष्टीचा जास्त आहे.

आजी लाइपझिगमधल्याच प्लागविट्झच्या सूतगिरणीत काम करत. १८८४ पासूनची ती विटांची अवाढव्य गिरणी. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आणि कलादालने आहेत. आम्ही एकदा दोघी तिथे गेलो. पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या एका दालनात आजींनी चित्रांकडे पाठ केली आणि जमिनीतले तेलाचे काळे डाग दाखवत कोणते यंत्र कुठे होते ते मला सांगितले. तुटलेला धागा सांधण्याची बोटांची ती झटपट हालचाल त्यांनी हवेत करून दाखवली. अंगठा, तर्जनी, एक पीळ आणि सोड. गिरणीचे पाळणाघर होते, सकाळच्या पाळीला मुलाला तिथे सोडून थेट यंत्रावर उभे राहता येई. घरभाडे नगण्य होते, पाव पाच फेनिगला मिळे, आणि उद्या काम असेल का ही चिंता त्यांच्या पिढीने केलीच नाही. घरात थंडीभर लिग्नाइट या हलक्या कोळशाच्या विटा जळत. खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली काजळी संध्याकाळी परत बसे, आणि वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत तेव्हा त्यांना जळक्या गंधकाचा वास येई. १९७७ मध्ये कॉफी महागली तेव्हा सरकारने निम्मी कॉफी आणि निम्मे भाजलेले धान्य, चिकोरी असे मिश्रण दुकानांत आणले. आजी एरवी तक्रार न करणाऱ्या, पण त्या मिश्रणाची आठवण निघाली की अजूनही तोंड वाकडे करतात. गाडीसाठी त्यांनी नाव नोंदवले होते. ट्राबांट मिळायला दहा वर्षांहून अधिक थांबावे लागे. त्यांचा क्रमांक लागला तेव्हा देशच उरला नव्हता.

आणि घरावरचे छप्पर गळत होते. नागरिकाला कोणत्याही कचेरीकडे अर्ज करण्याचा हक्क होता आणि त्याला ठराविक मुदतीत उत्तर देणे बंधनकारक होते. लोक हा हक्क मनापासून वापरत. आजींनी तीन वर्षांत पाच अर्ज केले. सहाव्या अर्जात, १९८६ च्या निवडणुकीच्या तोंडावर, त्यांनी लिहिले की छपराची अवस्था पाहता या वेळी मतदानाला येणे आपल्याला जमेलसे वाटत नाही. नवव्या दिवशी कौले शाकारणारे कामगार शिडी घेऊन दारात. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी विजयाचे हसू होते आणि मग हळूहळू ते मावळले. "म्हणजे माझ्या घडीची किंमत त्यांना ठाऊक होती," त्या म्हणाल्या, "आणि मी ती दहा-बारा कौलांना विकली." मी त्यांना म्हणाले की पावसात भिजणाऱ्या माणसाने दुसरे काय करायचे. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

मग आला मे १९८९. त्या देशाच्या निवडणूक कायद्यात मोजणी सार्वजनिक असल्याचे लिहिलेले होते, आणि इतक्या वर्षांत ते कलम वापरायचे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. सात मेच्या स्थानिक निवडणुकांत ते वापरायचे, असे चर्चमधल्या लहानलहान गटांनी ठरवले. मतदान संपताच शाळांच्या खोल्यांत जाऊन भिंतीशी उभे राहायचे, मोठ्याने वाचले जाणारे आकडे वहीत उतरवायचे आणि नंतर त्यांची बेरीज करायची. आजींच्या वरच्या मजल्यावर एक तरुण राहत असे. त्या संध्याकाळी त्याने त्यांचे दार वाजवले आणि विचारले, तुम्ही माझ्याबरोबर फक्त उभ्या राहाल का. वयस्क बाई सोबत असली तर बाहेर काढताना ते विचार करतील. आजींनी सांगितले की चुलीवर बटाटे आहेत. चुलीवर काहीच नव्हते. त्याने नम्रपणे मान लववली आणि जिना उतरून गेला. आजी खिडकीच्या पडद्यामागे उभ्या राहून रस्त्याकडे पाहत राहिल्या. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, एकाही शब्दाचे स्पष्टीकरण न देता.

त्याच रात्री निवडणूक आयोगाचा प्रमुख एगोन क्रेन्झ याने दूरचित्रवाणीवर आकडा सांगितला: यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के. बर्लिनच्या वाइसेनझे भागात जवळजवळ सगळ्या केंद्रांवर नागरिक उभे राहिले होते. त्यांच्या वह्यांतली विरोधी मते जाहीर आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. मला या ठिकाणी नेहमी थांबावेसे वाटते, कारण खऱ्या मोजणीतही पक्षाचे बहुमत प्रचंडच होते. तो खरा आकडा जाहीर केला असता तर सरकार पडणार नव्हते. पण प्रत्येक गावच्या अधिकाऱ्याला शेजारच्या गावापेक्षा कमी आकडा वर पाठवण्याची भीती होती, आणि वरच्याला त्याहून वरच्याची. ज्या राज्याकडे सुमारे ९१,००० पगारी गुप्त पोलीस होते, जे लोकांची पत्रे वाफेवर उघडून वाचत होते, त्या राज्याने आपल्या लोकांना काय वाटते हे मोजायचे एकमेव साधन स्वतःच्याच हाताने बिघडवून ठेवले होते. तापाच्या काचेतला पारा काढून घ्यावा आणि मग रोग्याला ताप नाही असे सांगत राहावे, तसे ते होते. त्या मेनंतर दर महिन्याच्या सात तारखेला बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झ या चौकात माणसे जमू लागली. ती मूठभर होती, आणि त्यांना फक्त खोट्या बेरजेविषयी बोलायचे होते.

नऊ ऑक्टोबरला, सोमवारी, लाइपझिगमध्ये ती सत्तर हजार झाली. निकोलाई चर्चमधल्या शांतीच्या प्रार्थना १९८२ पासून दर सोमवारी होत होत्या; त्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्यांत सशस्त्र तुकड्या उभ्या होत्या आणि रुग्णालयांत जादा रक्त मागवल्याची बातमी शहरभर होती. वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझुर यांच्या आवाजातले शांततेचे आवाहन ध्वनिक्षेपकांतून ऐकू येत होते. आजी सकाळची पाळी संपवून गावात आल्या आणि कार्ल-मार्क्स-प्लाट्झच्या ट्रामच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. घरी जाणारी ट्राम येणारच नव्हती, रस्ता माणसांनी भरला होता. त्यांना घोषणांपेक्षा पावलांचा आवाज आठवतो. हजारो लोकांच्या बुटांचा तो आवाज आणि मध्येच एखादा माणूस खोकल्याचा. किती तरी वेळ त्या फुटपाथच्या कडेवर होत्या. समोरून एक बाई एका हातात मेणबत्ती धरून, दुसऱ्या हाताने ज्योत झाकत चालली होती. निकोलाईचे पाद्री क्रिस्टियान फ्यूरर सांगत असत, की मेणबत्ती न्यायला दोन्ही हात लागतात, मग दगडाला हात उरत नाही. वाऱ्याने त्या बाईची ज्योत विझली आणि तिने सहज आजींकडे पाहून विचारले, काडेपेटी आहे का. ती आजींच्या पिशवीत होती. ती देण्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि उतरल्यावर त्या परत फुटपाथवर चढल्या नाहीत. गुप्त पोलिसांच्या इमारतीसमोरून जाताना सगळे शांत झाले होते. खिडक्यांत अंधार होता आणि त्या अंधारात माणसे उभी आहेत हे खालच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

त्यानंतर सगळे फार भरभर झाले. नऊ दिवसांत होनेकर गेला, एका महिन्यात भिंत.

अठरा मार्च १९९० रोजी त्या देशात पहिली आणि शेवटची मोकळी संसदीय निवडणूक झाली. ९३.४ टक्के लोकांनी मतदान केले. आजी तेव्हा पहिल्यांदा आडोशामागे गेल्या. हातात लांबलचक मतपत्रिका, त्यावर कितीतरी पक्ष, आणि प्रत्येकापुढे एक वर्तुळ. त्या म्हणाल्या की पेन उचलले आणि मला कळेना की मला काय वाटते. ज्या कोपऱ्यापर्यंत पोचायचे स्वप्न मनात धरले होते, तिथे पोचल्यावर तिथे कोणीच नव्हते, मी पण नव्हते. जर्मन भाषेत मताला आवाज म्हणतात. आपण मतालाच मत म्हणतो, मनात असते तेही मत आणि पेटीत पडते तेही. मी त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतला. त्या दिवशी त्या इतका वेळ आत बसून राहिल्या की केंद्रावरच्या बाईंनी बाहेरून हळूच विचारले, बरे वाटत नाही का. तेव्हापासून प्रत्येक मतदानाला त्या खुणा झाल्यावरही काही वेळ आत बसतात. कोणी पाहत नाही, कोणी थांबलेले नाही, अशी ती दहा मिनिटे. "माझी बरीच साठलेली आहेत," त्या म्हणाल्या.

पुढे २३ ऑगस्ट १९९० च्या पहाटे त्याच लोकसंसदेने पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला: २९४ बाजूने, ६२ विरुद्ध, ७ तटस्थ. या तीन आकड्यांकडे पाहताना मला भरून येते. जे सभागृह चाळीस वर्षे जवळजवळ नेहमीच एकमताने हात वर करत आले, त्याने आपल्या राज्याचा शेवट करताना विरोधी मते मोजली आणि जशीच्या तशी लिहून ठेवली.

मागे उरला कागद. गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांच्या फडताळांची लांबी १११ किलोमीटर भरली. शेवटच्या आठवड्यांत अधिकाऱ्यांनी हातांनी फाडलेले कागद सुमारे १६,००० पोत्यांत सापडले, आणि ते तुकडे जुळवण्याचे काम कितीतरी वर्षे चालले. आजींनी स्वतःची फाइल पाहण्याचा अर्ज कधीच केला नाही. गिरणीतल्या मैत्रिणींपैकी निम्म्या आता मातीआड आहेत, त्यांच्याशी भांडायला मी कुठे जाऊ, असे त्या म्हणतात. त्या देशाच्या नोटा, सुमारे तीन हजार टन, हाल्बरश्टाटजवळच्या डोंगरातल्या बोगद्यात वाळू टाकून गाडल्या गेल्या. मार्क्स आणि एंगेल्स यांची चित्रे असलेल्या त्या नोटा कुजतील असा अंदाज होता. त्या नीट कुजल्या नाहीत, चोर आत शिरू लागले, आणि शेवटी २००२ मध्ये त्या बाहेर काढून भट्टीत जाळाव्या लागल्या. ते बोगदे मुळात नाझी छळछावणीतल्या कैद्यांकडून खोदून घेतलेले होते. ज्यांच्या स्मृतीच्या शपथेवर ते प्रजासत्ताक उभे राहिले, त्यांच्याच हातांनी खणलेल्या अंधारात त्याचा पैसा जाऊन पडला, हे वाचल्यावर मी त्या रात्री दुसरे काही वाचू शकले नाही. गिरणीही एकत्रीकरणानंतर लवकरच बंद झाली. पन्नाशी उलटलेल्या आजींना पुन्हा काम मिळाले नाही. छप्पर गळण्याची भीती गेली आणि भाड्याची भीती आली, आणि या दोन्ही गोष्टी त्या एकाच स्वरात सांगतात.

त्या रविवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटे असताना आजींनी पुन्हा ते बूट चढवले. आम्ही परत शाळेत गेलो. मोजणी आजही सार्वजनिक असते, आणि प्रत्येक निवडणुकीत आजी ती पाहायला जातात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही, गुडघे दुखत असतानाही. बसा म्हटले तरी बसत नाहीत. भिंतीशी उभ्या राहतात. पेटी टेबलावर पालथी झाली आणि कागदांचा ढीग सरसरत पसरला. केंद्रावरची माणसे एकेक घडी उलगडून, तळहाताने कागद सपाट करून वेगवेगळ्या चळती लावू लागली. आजींचे ओठ हलत होते. आकडे वाचले गेले तेव्हा त्यांनी पर्समधून वही काढून ते उतरवले. त्या रात्री आल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी हा कडवा उजवा पक्ष साक्सनी राज्यात २७ टक्के मते घेऊन पहिला आला. आजींना तो निकाल मुळीच आवडणारा नव्हता आणि आमच्या खोलीतल्या चळतीही पुष्कळशा त्याच दिशेने वाढत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होते. तरी बेरीज त्यांनी दोनदा तपासली, आणि ती बरोबर होती.

मोजणीच्या मध्येच एक कागद टेबलावर सपाट राहीना. मोजणाऱ्या तरुणाने तो तळहाताने दाबला, हात काढताच घडी पुन्हा उभी राहिली, इतकी ती रेघ नखाने दाबून घातलेली होती. त्याने हसून त्यावर पेनांचा डबा ठेवला. मी आजींकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग मीही मान वळवली आणि त्या कागदावरच्या खुणा पाहिल्या नाहीत.